बगळा छाप, किल्ली छाप

बाबांच्या बंडीला आतून एक खिसा होता. बाहेरच्या खिशात माचिस, बसचं तिकीट, कुणाच्या तरी परसातून उचललेली बी, असं काहीही सापडायचं. आतल्या खिशात मात्र एकच वस्तू असे: घडीचा चाकू. काळी मूठ, पितळेच्या दोन खिळ्या, आणि पातं मुठीत शिरतं तिथे चिंचोक्याएवढा एक बगळा, एका पायावर उभा. हा बगळा छाप चाकू. आमच्या घरात त्याच्याइतका मान फक्त पाहुण्यांना मिळायचा, तोही पहिल्या दिवशीच.

बाबा सरकारी रोपवाटिकेत माळी होते. आंब्याची कलमं बांधायचे. कलमाचा काप एका ओढीत झाला पाहिजे, दुसऱ्यांदा पातं फिरवलं की झाड रुसतं, असं ते सांगत. त्यासाठी पातळ पात्याचा आणि घट्ट कमानीचा बगळाच हवा, यावर त्यांचं आयुष्यभर ठाम मत होतं. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घालायचं आणि ओढायचं. कमान इतकी घट्ट की पातं पूर्ण उघडलं की 'टक्' असा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की आम्ही भावंडं असू तिथून ओसरीवर धावायचो, कारण आता काहीतरी खायला मिळणार हे नक्की असायचं.

कधी जांब असे, म्हणजे पुण्या-मुंबईकडचा पेरू. कधी कैरी. थंडीत बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले शिंगाडे, उकडून काळे झालेले. घरात विळी होती, पण फळ विळीवर गेलेलं बाबांना खपत नसे. ते मांडी घालून बसत, आम्ही समोर. पहिली फोड समोरच्याला, दुसरी त्याच्या शेजारच्याला, आणि देठाकडचा उरलेला तुकडा स्वतःला. आई म्हणायची, "तुमी बी तं खा." त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, "कापता कापता पोट भरलं माह्यं." हे खोटं आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

चाकूचा एक नियम होता. तो कधी हातात द्यायचा नाही. मिटून खाली ठेवायचा, मग दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला की दोघांत भांडण लागतं. विहारात उभं राहून अंधश्रद्धेवर ठणकावून बोलणारा माणूस घरी हे कसं काय मानतो, म्हणून मी एकदा त्यांना छेडलं. बाबा गडबडले नाहीत. म्हणाले, "हे अंधश्रद्धा नोहे. हे बोटं वाचवनं होय."

आता दुसऱ्या बाजूची ओळख करून द्यायला हवी. आमच्या समोरच्या घरात एक काका राहत. जातीनं पोवार, दवनीवाड्याकडे त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं होती. बाबांचे अगदी जिवाचे मित्र, आणि तरीही कट्टर किल्ली छाप. त्यांच्या चाकूच्या पात्यावर बगळ्याच्या जागी एक किल्ली होती, गोल डोक्याची आणि खाली दोन दातांची. त्याचं पातं जाड आणि कमान ढिली. काका त्यानं दोर कापत, बांबू तासत, सुपारी फोडत आणि पायातला काटाही काढत. हे सगळं एकाच चाकूनं होतं याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांच्या घरची जांबाची फोड आम्ही मुलं जरा जपूनच खायचो.

या दोघांचं भांडण माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. जागा कुठलीही चालायची: ओसरी, पानठेला, कुणाच्या लग्नाचा मांडव. १९९९ च्या थंडीतला एक दिवस मला लख्ख आठवतो. मी अकरावीत होते. काकांनी टोपलीभर शिंगाडे आणले होते, आणि टोपली खाली टेकायच्या आधीच सुरुवात झाली.

"तुहा बगळा तं कागद कापाचा चाकू होय," काका म्हणाले. "बांबूले लावला तं पाय मोडन त्याचा."

"अन् तुही किल्ली?" बाबा म्हणाले. "जरासाक झटका देल्ला तं तोंड उघडते. असा ढिला चाकू मानूस खिशात ठेवते का? आठवते ना मागच्या मेळ्यात काय झालं तं?"

कचारगडच्या मेळ्यात काय झालं ते अख्ख्या गावाला पाठ होतं. गुहेची चढण चढताना काकांचा चाकू खिशात आपोआप उघडला आणि धोतरातून थेट मांडीत शिरला. त्यानंतर दोन महिने बाबा त्यांना रस्त्यात अडवून विचारत, "किल्लीनं कुलूप उघडलं का नाही?" काका चिडत नसत. ते फक्त म्हणत, "लागलं तं माह्या मांडीले लागलं. तुह्या बापाचं काय जाते?"

त्या दिवशी पैज लागली. दोघांनी पन्नास-पन्नास शिंगाडे चिरायचे, आधी कोण संपवतो ते पाहायचं. बाबांच्या फोडी सुबक निघत होत्या, काकांच्या हाताला वेग होता. कोण जिंकलं ते कुणालाच कळलं नाही, कारण आम्ही मुलं दोन्हीकडचे शिंगाडे चिरताक्षणी खात होतो. मोजायला काही उरलंच नाही. आई आतून ओरडली, "दोघंही म्हातारे होऊन राहिले, अकला काऊन नाही येऊन राहिल्या?" तेव्हा दोघंही पन्नाशीच्या आसपास होते.

आठ वर्षांनी बाबांना लकवा मारला. सकाळी रोपवाटिकेत वाफ्याजवळ बसले होते, उठायला गेले आणि आडवे झाले. मी तेव्हा गोंदियात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागले होते. आठवडाभर तिथेच राहायची आणि शनिवारी घरी यायची. दवाखान्यातून बाबा परत आले ते अर्धेच आले. बोलणं महिन्याभरात सुधारलं. डावा पाय फरफटत का होईना, काठीनं उचलू लागले. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राही.

घडीचा चाकू दोन हातांचा असतो, हे मला त्याआधी कधी सुचलंच नव्हतं.

एका शनिवारी घरी आले तर बाबांच्या खालच्या ओठाला पट्टी. आईनं स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं. बाबांनी मूठ दातांत धरून, एका हातानं पातं ओढायचा प्रयत्न केला होता. कमान घट्ट, हात निसटला. आईनं चाकू तांदळाच्या कोठीत लपवून ठेवला होता. "मागितला तं देऊ नको," ती म्हणाली. तिचा राग भीतीचा होता, हे दिसत होतं.

पण बाबांनी चाकू मागितलाच नाही. तेच वाईट होतं. परसातले जांब अजून पिकले नव्हते, म्हणून मी गोंदियाहून नेले होते, ते विळीवर चिरून त्यांच्यापुढे ताटली ठेवली. म्हणाले, "मन नाही." दुसऱ्या दिवशी आईच्या नकळत कोठीतला चाकू काढला आणि नुसता उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उघडून कायले देतेस बाई? मी लहान पोर होय का?" चाकू परत कोठीत गेला. सीताफळांचे दिवस गेले, शिंगाड्याचे आले. बाबांनी एकही फळ तोंडाला लावलं नाही. भात जेवत, औषध घेत, आणि उरलेला वेळ भिंतीकडे पाहत बसत. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात फोडी घातल्या त्याला ताटलीतलं आयतं गिळवत नव्हतं. डॉक्टरांच्या कागदावर या आजाराचा रकाना नव्हता. पण मला वाटायचं, बाबा परत यायचे असतील तर त्या 'टक्' आवाजाच्या वाटेनंच येतील.

काका रोज येऊन बसत. त्यांनी एक पाटी करून आणली. गुळगुळीत फळी, तिला खालून ठोकलेले दोन खिळे, टोकं वर आलेली. खिळ्यांवर फळ खोचलं की ते हलत नाही, एका हातानं कापता येतं. बाबांनी पाटी पाहिली आणि विचारलं, "अन् चाकू कोन उघडन?" काकांच्या खिशात अंगठ्यानं उघडणारा चाकू होता आणि दोघांनाही ते माहीत होतं. तीस वर्षं ज्याची टिंगल केली तो चाकू मागणं बाबांना जमणार नव्हतं, आणि काकांना तो पुढे करणं. आमच्या गल्लीत हट्टाचं पीक दोन्ही हंगामांत यायचं.

पुढच्या आठवड्यात लॅबमधून अर्धी सुट्टी काढून मी गोंदियाच्या बाजारात गेले. लोखंडी सामानाचं एक जुनं दुकान होतं. सेठला म्हटलं, एका हातानं उघडता येईल असा चाकू दाखवा. सेठनं मला चष्म्याच्या वरून पाहिलं.

"बटनवाला? वो हम नहीं रखते. पुलिस का लफड़ा है. आपको किसके लिए चाहिए?"

"मेरे बाबा के लिए. जांब काटने के लिए."

सेठची मुद्रा बदलली. त्यानं काउंटरवर बगळ्यांची रांगच मांडली. मी डावा हात ओढणीत गुंडाळून कमरेला बांधला आणि एकेक चाकू उजव्या हातानं उघडायला लागले. काउंटरच्या कडेला घासून पाहिलं, गुडघ्यात धरून पाहिलं. दोन गिऱ्हाईकं आपापलं काम सोडून माझ्याकडे बघत उभी राहिली. सात बगळे पाहिले, सातही ताठ. आठव्यानं माझं नख मोडलं.

"ये ट्राय करो," म्हणत सेठनं दुसरं खोकं उघडलं. वर किल्लीचं चित्र होतं.

काळ्या मुठीची किल्ली हातात घेतली. पात्याची पाठ मुठीतून जराशी वर आलेली. अंगठ्यानं रेटलं, आणि ती उघडली. आवाज 'टक्' नव्हता, जरा बोबडा होता, पण आवाज होता. पात्याची पाठ मांडीवर दाबली, मिटली. पुन्हा उघडली. मी पाच-सहा वेळा करून पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं आनंदाचं नव्हतं. साऱ्या बाजारात बाबांच्या कामाचा एकच चाकू होता, आणि बाबा ज्याला हात लावणार नाहीत असाही एकच होता.

शहाण्या मुलीनं घरी जाऊन सरळ सांगितलं असतं. मी शहाणी नव्हते, मी बाबांची मुलगी होते. बर्तन बाजारात भांड्यांवर नावं कोरून देणारा एक माणूस मशीन घेऊन बसायचा. लग्नाच्या ताट-वाट्यांवर तो मोर आणि कमळंही काढून द्यायचा. मी त्याच्यासमोर बसले, किल्ली दाखवली आणि म्हटलं, हे मिटवून इथे बगळा काढून द्या.

"मिटाएँगे तो ब्लेड खराब होगा, मैडम," तो म्हणाला. मग चाकू उलटा-सुलटा करून त्याचा चेहरा खुलला. "इसी को बगुला बना देते हैं ना!"

खरंच सोपं होतं. किल्लीचं गोल डोकं म्हणजे बगळ्याचं पोट. दांडी म्हणजे पाय. खालचे दोन दात म्हणजे बोटं. त्यानं वरून लांब मान आणि चोच जोडली. मशीन घुर्र घुर्र करत होती आणि मी श्वास रोखून बघत होते. मग त्यानं मला काही न विचारता शेजारी आणखी एक दांडी ओढली.

"ये क्या किया?"

"दूसरा पाँव. एक टाँग पे गिर जाएगा, मैडम."

मी मान डोलावली. आयुष्यभर रोज पाहिलेला बगळा, पण ऐन वेळी मला वाटलं, बरोबर आहे, पक्ष्याला दोन पाय असतातच. चूक लक्षात आली ती घरी जाताना काळी-पिवळी जीपमध्ये. चाकू ओंजळीत घेऊन पाहिला आणि धस्स झालं. आमचा बगळा एका पायावर उभा असतो! शिवाय हा जरा जास्तच गुबगुबीत होता, कुणी कोंबडी म्हटलं असतं तर वाद घालायला जागा नव्हती. गाडी मागे फिरवता येत नव्हती. बाबांच्या नजरेला आता कमी दिसतं, असं मी गाव येईपर्यंत स्वतःला समजावत राहिले.

घरी पोचल्यावर चाकू मिटून बाबांच्या समोर, पाटीवर ठेवला. "नवीन बगळा आणला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चोरासारखा वाटला.

बाबांनी उचलला. मूठ चाचपली. अंगठा पात्याच्या पाठीला लागला, आणि पातं उघडलं. ते थांबले. पातं डोळ्यांजवळ नेलं, उजेडाकडे वळवलं, बगळ्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

"ढिला हाय," बाबा म्हणाले.

"आता नवीन माल असाच येते म्हने, बाबा."

"असन." ते पुन्हा त्या चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जांब आन."

मी परसात धावले. बाबांनी जांब खिळ्यांवर खोचला आणि काप घेतला. फोड जाडी-भरडी निघाली, त्यांच्या कलमाच्या कापाला लाज वाटावी अशी. ती पहिली फोड त्यांनी माझ्यापुढे केली. दुसरी आईपुढे. आई तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागली आणि फोडही खायला लागली. देठाकडचा तुकडा बाबांनी तोंडात टाकला. चार महिन्यांनी त्यांच्या तोंडात फळ गेलं होतं.

रविवारी सकाळी काका आले. माझा जीव मुठीत. बाबांनी त्यांच्यासमोर चाकू उघडला, एका हातानं, ऐटीत. काकांनी पात्याकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी डोळ्यांनी विनवण्या करत होते.

"बगळा सुधरला बाप्पा," काका हळूच म्हणाले.

"तुह्या किल्लीले पाहून शिकला असन," बाबा म्हणाले, आणि दोघं हसले. मीही हसले. माझा जीव भांड्यात पडला. त्या दोन म्हाताऱ्यांना आपण कसं फसवलं, या आनंदात मी सोमवारी गोंदियाला गेले आणि लॅबमधल्या मैत्रिणीला सगळी कथा मीठ-मसाला लावून सांगितली.

तो चाकू सात वर्षं बाबांच्या बंडीत राहिला. माझ्या मुलीनं पहिली कैरी त्याच चाकूची खाल्ली. फोडी पुढे पुढे पुन्हा पातळ निघायला लागल्या. जुना बगळा आईनं कोठीतून काढून पेटीत ठेवला. बाबांनी त्याची कधी चौकशी केली नाही.

बाबा गेले ते एका थंडीत, झोपेतच. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले. खांद्यावरच्या दुपट्ट्यात उकडलेले शिंगाडे बांधून आणले होते. ओसरीवर बाबांच्या जागेसमोर बसले. मी फडताळातून चाकू आणि पाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चाकू उचलला, अंगठ्यानं उघडला, आणि शिंगाडा न चिरता तसाच हातात धरून राहिले.

"बाई, एक गोष्ट सांगू का? ज्याले कबूल केलं होतं तो तं गेला. आता सांगाले हरकत नाही."

"सांगा ना काका."

"हे किल्ली होय."

माझे कान तापले. "तुम्हाले मालूम होतं?"

"तीस-चाळीस वर्षं खिशात घेऊन फिरून राहिलो, मी नाही ओळखाचा का माह्या चाकूले?"

"अन् बाबाले?"

"त्याले तं हातात घेतल्या-घेतल्याच." काकांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "तू सोमवारी ड्युटीवर गेली, अन् मी धावत आलो, भांडाले. म्हनलो, आता तं मान ना का किल्ली चांगली! तं म्हने, मानली. किल्ली चांगली होय, तू जिंकला. पन पोरीसमोर बोलशीन तं माह्या ओसरीवर पाय नको ठेवू."

बाबांनी मानलं होतं. लग्नाच्या मांडवात, पानठेल्यावर, आईच्या शिव्या खाऊन जे कधी मानलं नाही ते, एका सोमवारी, माझ्या पाठीमागे. आणि काकांनी एवढी मोठी जीत सात वर्षं कुणालाही सांगितली नव्हती.

"मंग मी म्हनलो," काका पुढे म्हणाले, "अन् हा बगळा कोन काढला रे? कोंबडी वाटून राहिली. तं तो त्याच्यावर अंगठा फिरवत बसला. मंग म्हने, हसू नको. कंपनीचा बगळा जनमभर एका पायावर उभा होता. माह्या पोरीनं त्याले दुसरा पाय देल्ला."

काकांनी चाकू मिटला आणि माझ्यासमोर खाली ठेवला. मला काही वेळ तो दिसेना. मग उचलला, उघडला आणि शिंगाडे चिरायला लागले. पहिला काकांना दिला, दुसरा आईला, तिसरा पुन्हा काकांना.

"तू बी तं खाय," काका म्हणाले.

"कापता कापता पोट भरलं माह्यं," मी म्हटलं.